'म्हणून' पकडायला शिका: दुकान, शेती आणि घरातल्या निर्णयांसाठी तत्त्वज्ञान कसं वापरायचं

आमच्या दुकानात एक जिभाऊ दर आठवड्याला येतात आणि दर आठवड्याला तोच एक जोक मारतात, "तू तत्त्वग्यान शिकना आन् आते युरिया इकस!" (तत्त्वज्ञान शिकलास आणि आता युरिया विकतोस!) आजूबाजूचे दोन-चार जण हसतात, मीपण हसतो, बिल फाडतो. माझं एम.ए. तत्त्वज्ञानात झालंय आणि गेली बरीच वर्षं मी अमळनेर तालुक्यात खत-बियाणं-औषधांचं दुकान चालवतोय, सोबत घरची थोडी शेती. शिक्षण वाया गेलं असं बऱ्याच जणांना वाटतं, सुरुवातीला मलाही वाटायचं.

तसं बघितलं तर आमच्या गावाला हा जोक शोभत नाही. प्रताप शेठ हे कापड गिरणीवाले, पक्के धंदेवाईक माणूस, मनात आणलं असतं तर अजून एखादी गिरणी टाकली असती, पण त्यांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती असे देशातले मोठे मोठे तत्त्वचिंतक तिथं येऊन राहिले, साने गुरुजीसुद्धा शाळेत शिकवायला लागण्याआधी तिथं होते. आणि ह्याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, तीच पुढं विप्रो झाली. तेव्हा धंदा आणि तत्त्वज्ञान एका गावात नांदू शकतात, एका डोक्यातही नांदतील की.

मला एवढ्या वर्षांत जे कळलं ते एका शब्दाचं आहे. तो शब्द 'म्हणून'. माझ्या आजवरच्या प्रत्येक मोठ्या नुकसानीत कुठंतरी एक न तपासलेला 'म्हणून' बसलेला होता. तो कसा पकडायचा ते खाली पायरी-पायरीनं लिहितो, जसं मी करतो तसंच, त्यामुळं काही पायऱ्या लांब होतील आणि काही दोन ओळीत संपतील.

पायरी १: शंभर पानी वही घ्या आणि निर्णय एका वाक्यात लिहा

मोबाईलमध्ये नको, वहीतच. तारीख टाका आणि जो निर्णय घ्यायचाय तो अशा वाक्यात लिहा ज्यात 'म्हणून' येईल, आणि मग त्या शब्दाखाली लाल पेननं रेघ मारा. एवढंच. हे ऐकायला पोरखेळ वाटतं पण करून बघा, निम्मे निर्णय तर वाक्यातच बसत नाहीत, म्हणजे आपण ते कशाच्या जोरावर घेतोय हेच आपल्याला माहीत नसतं.

माझी वही सुरू झाली ती घरच्या कापसामुळं. २०२२ मध्ये कापसाचा भाव दहा हजारांच्या वर गेला होता, ज्यांनी माल धरून ठेवला त्यांची चांदी झाली हे सगळ्या खान्देशानं डोळ्यानं बघितलं. पुढच्या हंगामात आमच्या घरी ३८ क्विंटल कापूस झाला, डिसेंबरात व्यापारी दारात येऊन ८,४०० म्हणत होता आणि आबा म्हणाले, "मागच्या साली थांबले त्यांना दहा-बारा हजार भेटले, म्हणून आपण यंदा थांबू." मीपण मान डोलावली, एम.ए. असून. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला, आई-आबा ओसरीवर झोपायला लागले, फेब्रुवारीपर्यंत कापसात किडे झाले आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, लेकराच्या मानेवर चट्टे उठले, डॉक्टर म्हणे आधी तो कापूस काढा घरातून. शेवटी मे महिन्याच्या अखेरीस ६,९०० नं गेला. क्विंटलमागं पंधराशे, म्हणजे सरळ ५७ हजार, वजनातली घट वेगळी आणि मलमांचा खर्च वेगळा.

आता बघा, आबांचं वाक्य खोटं नव्हतं. मागच्या साली भाव वाढले हे खरंच होतं. खोट होती ती 'म्हणून' मध्ये. डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञानं अठराव्या शतकात नेमकं हेच विचारलं होतं की काल घडलं ते उद्या घडेल ह्याला तुमच्याकडं पुरावा काय, आणि "आजवर तसंच घडत आलंय" हा पुरावा चालणार नाही, कारण तोच तर प्रश्न आहे. कॉलेजात हे वाचताना मी जांभया दिल्या होत्या. खाज सुटल्यावर समजलं.

पायरी २: 'म्हणून'च्या मागं लपलेला नियम मोठ्यानं वाचा

ही सगळ्यात कामाची पायरी आहे, इथं जरा थांबू.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे गौतमांच्या न्यायसूत्रांच्या परंपरेत, कुठलंही अनुमान दुसऱ्याला पटवायचं असेल तर ते पाच भागात मांडायचं असतं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नावं जड आहेत पण काम सोपं आहे. माझ्या धंद्यातलं रोजचं प्रकरण घेऊ, उधारी. जूनमध्ये एक शेतकरी भाऊ ६० हजारांचा माल उधार मागतो, कापूस निघाल्यावर देईन म्हणतो.

प्रतिज्ञा: ह्याला ६० हजारांची उधारी द्यायला हरकत नाही. हेतू: कारण गेली चार वर्षं दिवाळीच्या आगंमागं तो पैसे देतोय. उदाहरण: जो जो चार वर्षं वेळेवर देतो तो तो पाचव्या वर्षीही देतो, जसे आपले अमुक आप्पा. उपनय: हा पण तसाच. निगमन: म्हणून द्या.

आपण बोलताना पहिलं, दुसरं आणि शेवटचं बोलतो. तिसरं गिळून टाकतो. आणि सगळा खेळ तिसऱ्यातच असतो, कारण नियम तिथं आहे. "जो जो चार वर्षं देतो तो तो पाचव्या वर्षीही देतो" हे वाक्य काउंटरवर उभं राहून मोठ्यानं म्हणून बघा, तुमचं तुम्हालाच हसू येईल.

न्यायवाले पुढं सांगतात की नियम खरा की खोटा हे बघायला त्याला जुळणारी उदाहरणं गोळा करत बसू नका, ती ढीगभर मिळतात, मोडणारं एखादं आहे का ते शोधा, ह्याला ते व्यभिचार म्हणतात. मी जुन्या खातेवह्या काढल्या. चार वर्षं नीट देणारे ११ जण सापडले आणि त्यातले ३ पाचव्या-सहाव्या वर्षी अडकले होते, एकाचे तर अजून येणं आहे. इतकी वर्षं ह्या वह्या माझ्याच कपाटात होत्या बरं का.

पायरी ३: उपाधी शोधा

धूर दिसला की आग आहे हे बरोबर. पण आग आहे म्हणून धूर असेलच का? जुने लोक लोखंडाच्या तापलेल्या गोळ्याचं उदाहरण देतात, आग आहे पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ज्यांच्या घरी अजून चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जळतात त्यांना हे सांगायची गरज नाही, कडक वाळलेली पऱ्हाटी धूर करत नाही, पावसात भिजलेली डोळे फोडते. हे जे ओलेपण, जे गुपचूप काम करतं आणि श्रेय आगीला मिळतं, त्याला न्यायात उपाधी म्हणतात.

आता त्या ११ जणांकडं परत या. मी प्रत्येकाच्या नावापुढं काय काय वेगळं होतं ते लिहीत गेलो, जमीन किती, पोरं किती, पीक कोणतं, आणि मग दिसलं की अडकलेल्या तिघांच्याही विहिरी त्या साली जानेवारीआधी आटल्या होत्या. वेळेवर देणाऱ्या बाकीच्यांना पाणी होतं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला 'माणूस चांगला' म्हणत होतो त्यातला बराच भाग 'विहीर चांगली' हा होता. माणसं तर तिघंही चांगलीच होती, अजूनही आहेत.

ह्यानं माझा उधारीचा प्रश्नच बदलला. आता मी "देईल का हा?" असं तोंडाकडं बघून ठरवत नाही, पाण्याची चौकशी करतो, आणि ६० च्या ऐवजी २५ हजारांचा माल आत्ता देतो, बाकी पहिल्या वेचणीनंतर. समोरच्याचा अपमान होत नाही, कारण त्याच्या नियतीवर शंकाच घेतलेली नाही.

हीच पायरी पिकावर फवारायच्या टॉनिकच्या बाटलीला लावा. "हे मारलं आणि आठ दिवसात फुलं लागली" असं सांगत लोक येतात आणि त्याच आठ दिवसात पाऊस पडून गेलेला असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि आपण कावळ्याची बाटली विकत घेतो. (मी ती बाटली विकतो. विचारलं तर खरं सांगतो. न विचारणाऱ्याचं काय करायचं ते खाली येईल.)

पायरी ४: ही माहिती आली कुठून?

वहीत प्रत्येक कारणापुढं एक अक्षर टाका. प्र म्हणजे प्रत्यक्ष, स्वतः बघितलं. अ म्हणजे अनुमान, बघितलं नाही पण अंदाज बांधला. उ म्हणजे उपमान, दुसऱ्या कशासारखं आहे म्हणून समजलं. श म्हणजे शब्द, कोणीतरी सांगितलं. न्यायदर्शनात ही ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, आहेत आणि शब्दाला त्यांनी कमी लेखलेलं नाही, कारण आपलं निम्मं जगणं दुसऱ्याच्या शब्दावरच चालतं. पण अट घातलीय, सांगणारा आप्त पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नाही हं, तर ज्याला ती गोष्ट नीट माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. दोन्ही अटी लागतात. कंपनीच्या प्रतिनिधीला माहिती भरपूर असते, पण महिनाअखेर टार्गेट असलं की जशी आहे तशी सांगायची इच्छा जरा पातळ होते. मामाची इच्छा शंभर टक्के चांगली असते, माहिती व्हॉट्सॲपवरची. एकदा माझ्या एका पानावर सात कारणं होती आणि सातही पुढं श. तो सौदा मी केला नाही.

प्रत्यक्षातही फसायला होतं. शितावरून भाताची परीक्षा, हे संस्कृतात स्थालीपुलाक न्याय म्हणून आहे आणि ते भातापुरतं अगदी बरोबर आहे, कारण एका भांड्यातलं सगळं शीत सारख्या आचेवर शिजलेलं असतं. कापसाची गाडी भांडं नाही. वरचा थर पांढराशुभ्र कोरडा आणि आत हात घातला की ओल. जिनिंगवाला म्हणून तर खोल हात घालून मूठ काढतो, आणि सरकारी खरेदीतसुद्धा ओलावा मोजतात, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि १२ च्या वर गेलं की माल नाकारतात. तेव्हा नमुना बघून काही ठरवत असाल, मग ते बियाणं असो, गडी असो की लग्नाचं स्थळ, तर आधी विचारा की हे भातासारखं आहे की गाडीसारखं.

पायरी ५: पूर्वपक्ष, तोही समोरच्याला पटेल असा

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांची एक पद्धत मला फार आवडते. स्वतःचं म्हणणं मांडायच्या आधी ते विरोधकाचं म्हणणं मांडतात, आणि लुळं-पांगळं करून नाही तर पूर्ण ताकदीनं, कधीकधी इतकं ताकदीनं की वाचणारा गोंधळतो की लेखक नक्की कोणाच्या बाजूनं आहे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात.

मी आणि माझा मेहुणा मिळून केळीचं रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची खोली, टाकणार होतो, त्याची चोपड्याकडं केळी आहे. हिशोब छान दिसत होता. मी बायकोला म्हटलं तू ह्याच्या विरोधात बोल, जेवढं बोलता येईल तेवढं. ती म्हणाली तुमची केळी दिल्लीकडं जाते ती कच्ची जाते ना, ट्रकमध्ये भरून, पिकवतात तिकडं. मग इथं पिकवलेली कोण घेणार, आपलं अमळनेर, धुळं, जळगाव, आणि तिथं आधीच पिकवणारे बसलेत. पिकलेली केळी दोन-तीन दिवसात गेली नाही तर फेकायची कुठं? मे महिन्यात ४५ डिग्रीत लाइट गेली तर? भाऊ माझा आहे, पैसे बुडाले तर दिवाळीला माहेरी मी कोणत्या तोंडानं जायचं?

शेवटचा मुद्दा हिशोबाच्या कागदावर कुठंच नव्हता.

एक पथ्य पाळा. न्यायसूत्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली चर्चा, जल्प म्हणजे कसंही करून जिंकायला केलेली, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडायला केलेली. पूर्वपक्ष वादातच चालतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद होत नाही, तिथं प्रयत्न करू नका. पार्टनरशी बोलताना आवाज चढला की मी आता सरळ विचारतो, "आपण वाद करतोय का जल्प?" मेहुणा आधी चिडायचा, आता तोच मला विचारतो.

पायरी ६: समोर माणूस आहे का?

इमॅन्युएल कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ च्या एका पुस्तकात चक्क दुकानदाराचं उदाहरण दिलंय. एक दुकानदार नवख्या गिऱ्हाइकाला, अगदी लहान पोरालाही, जास्त भाव लावत नाही. चांगलंच आहे. पण कांट विचारतो, तो हे प्रामाणिक असावं म्हणून करतोय की दुकानाचं नाव टिकावं म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कधी दिसतो, तर ज्या दिवशी फसवूनही नाव खराब होणार नसतं त्या दिवशी.

माझ्याकडं तो दिवस दरवर्षी येतो. मुदत संपायला महिना-दीड महिना राहिलेल्या औषधाच्या बाटल्या, आणि आडगावचा एखादा म्हातारा बाबा ज्याला बारीक अक्षर वाचता येत नाही. कायद्यानं विकता येतं, मुदत संपलेली नाही. पण तो ते दोन महिन्यांनी मारणार हे मला माहीत असतं. वहीत ह्यासाठी मी एकच प्रश्न ठेवलाय: हा 'म्हणून' मी त्याला तोंडावर वाचून दाखवू शकतो का? "बाबा, तुम्हाला वाचता येत नाही म्हणून हे तुम्हाला देतोय." नाही ना वाचवत? मग नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, ठरवताना, त्याची उचल (आगाऊ रक्कम) आणि वर्षाचा आकडा बोलताना पण हाच प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तिथं मी दरवेळी पास होत नाही. टॉनिकच्या बाबतीतही, न विचारणाऱ्याला मी अजून स्वतःहून सांगत नाही. हे वहीत आहे, लाल रेघेसकट.

पायरी ७: निर्णय आणि निकाल वेगळे ठेवा

केळीला हवामानावर आधारित पीकविमा असतो. शेजारच्या एकानं एका साली काढला नाही, जूनचं वादळ त्याच्या शिवारात आलंच नाही, आणि वर्षभर तो सांगत फिरला की मी हप्त्याचे पैसे वाचवले. त्याचा निकाल चांगला होता, निर्णय वाईट. उलटही होतं, सगळं नीट तपासून केलेलं बुडतं. "कर्मण्येवाधिकारस्ते" आपण लग्नपत्रिकेपासून ट्रकपर्यंत सगळीकडं लिहितो, पण हिशोबाच्या वहीत मात्र फळावरूनच कर्माला मार्क देतो.

म्हणून (हा तपासलेला आहे) पान लिहितानाच खाली एक ओळ सोडा: काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन? आणि निकाल लागल्यावर पान उघडून बघा, कारण चुकलं होतं की नशीब. मी वर्षातून एकदा, आखाजीला, मागच्या वर्षीची सगळी पानं वाचतो. लाज वाटते, पण एकट्यालाच वाटते त्यामुळं चालतं.

आता अभ्यास कसा करायचा

जाडजूड इतिहासाच्या पुस्तकापासून सुरू करू नका, तिसऱ्या प्रकरणात मराल. एक प्रश्न घ्या आणि त्यासाठी वाचा. तर्क शिकायचा असेल तर अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह छोटासा आहे, मराठी अर्थासकट मिळतो, रोज एक परिच्छेद आणि त्यावर आपल्या धंद्यातलं एक उदाहरण स्वतः बनवायचं. प्रश्न विचारायला शिकायचं तर प्लेटोचे छोटे संवाद, सॉक्रेटिस समोरच्याला त्याच्याच शब्दात कसा अडकवतो ते बघा, फक्त गिऱ्हाइकावर प्रयोग करू नका, सॉक्रेटिसचा शेवट विषाच्या प्याल्यानं झाला, माहितीये ना. रोज वीस मिनिटं पुरतात. दुकान उघडून पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंतची वेळ माझी.

आणि सगळ्यालाच ही वही लावू नका. मी ते पहिल्या वर्षी केलं, बायको म्हणाली ह्याला चहा घेणार का विचारलं तर प्रमाण मागतो. माझा नियम असा की दहा हजारांच्या वरचं किंवा परत फिरवता न येणारं असेल तरच पान उघडायचं. बाकी सगळं मनाला येईल तसं.

सध्या उघडं असलेलं पान शेजारच्या रिकाम्या गाळ्याचं आहे. "ठिबकचा माल घ्यायला लोक धुळ्याला जातात, म्हणून गाळा भाड्यानं घेऊन इथंच ठेवावा." रेघ मारलीये. नियम लिहिलाय, दोन प्र, एक अ, तीन श. काल दुपारी जेवायला गेलो होतो तेव्हा बायको काउंटरवर बसली होती, आल्यावर बघितलं तर पूर्वपक्षाच्या जागी तिच्या अक्षरात एकच शब्द होता: "ट्रॅक्टर?"

अर्धा तास लागला मला समजायला. गाळा बोळात आहे, पाइप भरायला ट्रॅक्टर-ट्रॉली आत वळतच नाही.